पिंडी नाय, घाणो!

मेस्त्रींना गृहप्रवेशाला बोलवायचं नाही, असं शारजा-दुबईतल्या आमच्या पाचसहा घरांत ठरून गेलं होतं. कुणी तसं बोललं नव्हतं, पण यादी करताना त्यांचं नाव आलं की बायका एकमेकींकडे बघायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या. कारण हा माणूस नव्या घरात शिरला की देवाला नमस्कार नाही, यजमानाला हात नाही. सरळ भिंतीपाशी जायचा, मधलं बोट वाकवून ठक ठक ठक करायचा, कान लावायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "पोकळ."

एका बँकवाल्यांच्या नव्या व्हिलात तर कहर झाला. बाईंनी किचनच्या भिंतीला इटलीहून मागवलेल्या टाइल्स लावल्या होत्या आणि प्रत्येक पाहुण्याला हाताला धरून दाखवत होत्या. मेस्त्रींनी चार ठिकाणी ठोकलं. "ही पडतली," म्हणाले. "ही पण. ही तर पडलीच म्हणा." बाई आत जाऊन रडल्या. दोन महिन्यांनी अर्धी भिंत क्रॉकरीवर कोसळली. मग कुणी मेस्त्रींना फोन करून "तुमचं बरोबर होतं" म्हटलं असेल? छे! "त्यांचीच नजर लागली," असं ठरलं. मला अजून त्या गोष्टीचा संताप येतो. टाइल लावणाऱ्यानं मागच्या मसाल्यात चोरी केली, नजर लागली म्हणे ती ठोकून बघणाऱ्याची!

मेस्त्री आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत फोरमन होते आणि मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे सगळी पत्रं, ड्रॉइंग्ज, रिपोर्ट माझ्या टेबलावरून जाणार. सिंधुदुर्गातल्या चिरेखाणीवर वाढलेला हा माणूस बाविसाव्या वर्षी आखातात आला आणि शारजातली जुनी घरं दुरुस्त करण्यात त्यानं आयुष्य घातलं. ही घरं समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाची. त्या दगडाच्या पोटात मीठ असतं आणि ते भिंत आतून खातं. ते मीठ कसं काढायचं, चुना किती दिवस भिजवायचा, कुठल्या सांध्याला हात लावायचा नाही, हे मेस्त्रींना जितकं कळत होतं तितकं आमच्या एकाही इंजिनिअरला कळत नव्हतं. इंजिनिअर साइटवर जाऊन हळूच विचारायचे, "मेस्त्री, क्या करेंगे?" आणि रिपोर्टवर स्वतःचं नाव टाकायचे. टाइप मीच करत होते, म्हणून सांगते. एवढ्या वर्षांत एका कागदावर मेस्त्रींचं नाव आलेलं मी पाहिलं नाही. व्हिसावर पहिल्या दिवशी 'मेसन', म्हणजे साधा गवंडी, लिहिलं होतं, शेवटच्या दिवशीही 'मेसन'च.

त्यांना मात्र त्याचं काही नव्हतं. त्यांचा राग वेगळ्याच गोष्टींसाठी राखून ठेवलेला होता. सिमेंट ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी. जुन्या भिंतीला सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि भिंत मरते, हे त्यांनी मला शंभर वेळा सांगितलं असेल. म्हणून जो माणूस वरून गुळगुळीत आणि आतून दुसऱ्याचा जीव घेणारा, तो 'सिमेंट'. आमचा एक प्रोजेक्ट मॅनेजर सिमेंट होता. शारजाच्या रोल्ला भागातल्या त्यांच्या खोलीचा केअरटेकर अर्धा सिमेंट होता. मॉलमध्ये जुन्या किल्ल्यासारखं दिसणारं एक रेस्टॉरंट निघालं, तिथल्या प्लास्टिकच्या बुरुजासमोर उभं राहून ते इतक्या मोठ्यानं "सिमेंट मेले!" म्हणाले, की सिक्युरिटीवाला "हबीबी, प्लीज, हबीबी" करत धावत आला.

खिशात कायम एक मऊ टूथब्रश आणि पाण्याची छोटी स्प्रेची बाटली. रोल्लाच्या खोलीत सहा जण राहायचे. मेस्त्रींच्या वाट्याला एक पलंग आणि त्यावरची एक फळी. फळीवर दह्याच्या रिकाम्या डब्यांत चुन्याचे नमुने, प्रत्येकावर तारीख. रविवारी सुट्टीला ते बस पकडून उम्म अल कुवैनला जायचे, तिथली पडकी घरं बघायला. मी एकदा नवऱ्याला आणि मुलीला घेऊन त्यांच्याबरोबर गेले. भर उन्हात एका मोडक्या भिंतीसमोर ते वीस मिनिटं गप्प उभे. मुलगी म्हणाली, "ममा, व्हॉट इज ही वेटिंग फॉर?" मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "सावली सरकान्दे. मगे भेग दिसतली." सावली सरकली, भेग दिसली. मुलीनं तोवर गाडीत जाऊन एसी लावला होता.

आता तुर्कस्तानचं सांगते. त्याशिवाय मेस्त्री कळायचे नाहीत, आणि मीही.

ईदच्या सुट्टीत आमच्या मराठी मंडळाच्या पाच कुटुंबांनी टूर काढली. पुढाकार सरांचा. सर म्हणजे एका मोठ्या कंपनीतले जनरल मॅनेजर, मंडळाचे आधारस्तंभ, गणपतीत माइक सोडत नाहीत ते. माझा नवरा त्यांच्याच कंपनीत, त्यांच्याच हाताखाली. हे लक्षात असू द्या, कारण माझ्या लक्षात ते रोज असायचं. तर सर म्हणाले, ग्रुपला संध्याकाळी वरणभात लागतो, कुणीतरी हाताशी हवं. मी मूर्खासारखं म्हटलं, मेस्त्री छान स्वयंपाक करतात. सर खूश. मी मेस्त्रींना विचारायला गेले, तर माणूस भडकला. "बाय, मी माझ्या पैशान येतंय. दगड बघूक येतंय. कुकर तुमचो तुमी लावा." पण आले, आणि कुकर त्यांनीच लावला. रोज. कारण बाकी कुणी उठायचंच नाही.

इझमीरपासून तीनेक तासांवर डोंगराच्या उतारावर ते गाव होतं. दगडी घरं, वरचा मजला लाकडी आणि गल्लीवर पुढे आलेला. एक मशीद, एक बंद पडलेलं जुनं हमाम म्हणजे न्हाणीघर, त्याच्या घुमटावर वाढलेलं गवत, चहाच्या दुकानाबाहेर चार म्हातारे आणि दहा मांजरं. इतकं शांत, की आमच्या बसचं दार उघडल्याचा आवाज सगळ्या गावाला ऐकू गेला. पुढच्या पाच मिनिटांत आम्ही ती शांतता निकालात काढली. कुणी ब्लूटूथ स्पीकर लावला, कुणी हमामच्या कट्ट्यावर चढून रील करायला लागलं, कुणी त्या म्हाताऱ्यांच्या मध्ये बसून न विचारता सेल्फी काढला.

मेस्त्री एकटेच गल्लीतून चालत होते. एकाही भिंतीवर त्यांनी ठोकलं नाही. नुसता उघडा तळहात टेकवायचे आणि पुढे जायचे. मी विचारलं, "आज ठक ठक नाही?" तर दबक्या आवाजात म्हणाले, "निजलेल्याक कोण उठवता?"

गावाबाहेर टेकडीवर जुन्या शहराचे अवशेष होते. तारेचं कुंपण, लोखंडी गेट, आणि गेटची किल्ली कमरेला दोरीनं बांधलेला एक राखणदार. मेस्त्रींच्याच वयाचा, पांढऱ्या मिशांचा. त्यानं मेस्त्रींना एका सांध्यावर हात ठेवताना पाहिलं, जवळ आला, त्यांचा हात उलटा करून बोटं बघितली. चुन्यानं खाल्लेली बोटं. मग स्वतःची दाखवली, तशीच. झालं, दोघं हसले आणि वरच्या बाजूची भिंत बघायला निघून गेले. ना ह्याला तुर्की, ना त्याला मालवणी.

आणि खाली आम्हाला पिंडी सापडली.

अंजिराच्या झाडाखाली पांढऱ्या दगडाची एक गोल बैठक होती. कडेनं खोदलेली पन्हळ, एका बाजूला पाणी जायला चोच, आणि मधोमध उभा गोल दगड. पाहताक्षणी माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. सोमवार होता. सर तर ओरडायलाच लागले. "हे बघा! प्रूफ! आपले लोक इथपर्यंत आले होते! हे इतिहासाच्या पुस्तकात कुणी सांगणार नाही!" मोबाईल निघाले. कुणी आरती सुरू केली. एका बाईंनी शंका काढली, महादेवाला हळद चालते का हो? दुसरीनं सांगितलं, पिंडीला नाही, पण खालच्या शाळुंकेला चालते. आणि हळद कुणाकडे? माझ्याकडे. किचनच्या पेटीत, बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून आणलेलं अख्खं पाकीट. बाटलीतल्या पाण्यात मी ती कालवली आणि माझ्या ह्या हातांनी त्या बैठकीला चोपडली. पन्हळीत, चोचीवर, सगळीकडे. कुंकू नव्हतं म्हणून कुणीतरी वर स्वतःची टिकली चिकटवली. दूध नव्हतं म्हणून बसमधल्या आयरानच्या बाटल्या आणल्या. आयरान म्हणजे तिकडचं ताक, चांगलं खारट. तीन बाटल्यांचा अभिषेक झाला. माझी मुलगी लांब उभी राहून म्हणाली, "ममा, इट्स नॉट अवर थिंग." तिला मी गप्प बसवलं.

आरतीचा आवाज ऐकून ते दोघं वरून धावत आले. राखणदार दगड बघून जागीच खाली बसला आणि त्यानं डोकं धरलं. मेस्त्री पुढे आले. त्यांना राग आला की ते संपूर्ण मालवणीत जातात.

"ह्या काय केलात? पिंडी नाय ही! घाणो आसा, घाणो! तेलाचो घाणो! हय ऑलिव्ह पिळत होते!" चोचीवर बोट फिरवून ते त्यांनी चाखलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "मीठ? दगडात मीठ ओतलात?"

"मेस्त्री, भावनेचा प्रश्न आहे," सर म्हणाले.

"भावना तुमची, दगड कोणाचो?"

तेवढ्यात घाबरून एका बाईंनी डाग काढायला म्हणून हॉटेलातली साबणाची वडी काढली आणि ओल्या हळदीवर घासली. हळद लाल झाली. लालभडक. सरांच्या मिसेस किंचाळल्या, "कुंकू! कुंकू उमटलं!" लोकांनी हात जोडले. व्हिडिओ सुरूच होता.

आता मला सांगा, हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कुठल्या मराठी बाईला माहीत नाही? नवऱ्याच्या बनियनवरचे, टेबलक्लॉथवरचे, पोरांच्या युनिफॉर्मवरचे डाग आम्ही जन्मभर लाल होताना बघतो! त्या गर्दीत नऊ बायका होत्या आणि नऊच्या नऊ जणींना ठाऊक होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. मीही नाही.

राखणदार काहीतरी बोलत होता. मी मोबाईलवर भाषांतर लावून त्याच्यापुढे धरला. म्युझियमचे लोक बुधवारी सकाळी तपासणीला येणार होते, एकेक दगड रजिस्टरमधल्या फोटोशी ताडून. गेल्या खेपेला कुणा पाहुण्यांनी एका खांबावर नावं रंगवली होती, तेव्हा त्याला ताकीद मिळाली होती. आता हा डाग दिसला की किल्ली काढून घेणार. ह्याच्या आधी ती किल्ली त्याच्या बापाकडे होती. स्क्रीनवर शेवटचं वाक्य आलं: 'मी फक्त चहा पिण्यासाठी गावात जातो.' म्हणजे बाकी सगळा वेळ तो इथेच.

सरांनी खिशातून नोटा काढल्या, दुमडल्या आणि त्याच्या हातात कोंबल्या. त्यानं त्या दगडावर ठेवून दिल्या. सर म्हणाले, "ओके. खलास. यल्ला, बसमध्ये बसा, लंचला उशीर होतोय."

मेस्त्री म्हणाले, "मी हय रवतंय."

राहायचं ठरवूनच ते बसकडे गेले, सामानाची डिकी उघडली आणि ग्रुपच्या पेटीतली स्टीलची सगळी ताटं काढून घेतली. बारा ताटं आणि सहा झाकण्या. काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! एका प्राचीन दगडाचं आणि एका म्हाताऱ्याच्या नोकरीचं वाटोळं केलं तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं, पण आता जेवायचं कशात, हा प्रश्न मात्र सगळ्यांना पडला. मी बसमधून खाली उतरले. नवरा म्हणाला, "वेडी झालीस का? सर काय म्हणतील?" मी म्हटलं, "हळद माझी आहे." बुधवारी परतीच्या वाटेवर बस ह्याच फाट्यावरून जाणार होती. मुलीला घेऊन तो गेला आणि बस गेली. गाव पुन्हा शांत झालं.

राखणदाराच्या घरी राहून काढलेल्या त्या दोन दिवसांत मेस्त्रींनी मला काय काय ऐकवलं ते सगळं लिहीत नाही. राखणदाराच्या बायकोनं लिंबं आणून दिली. मी चिरायला घेतली तर मेस्त्रींनी सुरीच काढून घेतली. "चुनखडीचो दगड तो. लिंबू डागाबरोबर दगडय खाता!" आधी स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश. साबण गेला तशी लाली गेली, पिवळा डाग उरला. मग मिठासाठी ओल्या टिश्यूपेपरचा लगदा करून सगळ्या बैठकीवर थापला. तो सुकताना मीठ ओढून घेतो म्हणे. "किती वेळ लागेल?" मी दर तासाला विचारायची. "सुकात तेवा सुकात," म्हणायचे. उरली हळद. ती कशानं जाते? उन्हानं. हेही सगळ्या बायकांना माहीत असतं. पण तो घाणा अंजिराच्या दाट सावलीत, आणि झाडाची फांदी तोडायला ना राखणदार तयार, ना मेस्त्री.

म्हणून ती ताटं. मंगळवारी सकाळपासून मेस्त्रींनी कुंपणाला, दगडांना टेकवून ती ताटं उन्हात उभी केली, अशी की प्रत्येकाची तिरीप घाण्यावर पडेल. सूर्य सरकला की ताटं सरकवायची. आम्ही तिघं दिवसभर तेच करत होतो. दुपारी गावातल्या बायका बघायला आल्या, हसल्या, आणि घरी जाऊन कल्हईची मोठी तबकं घेऊन आल्या. न्हाव्यानं दुकानातला आरसा आणला. चहावाले ते चार म्हातारे एकेक तबक धरून बसले. ज्यांच्या गावात आम्ही धुडगूस घातला, ते लोक आमची हळद काढत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रडायला लागले तर मेस्त्री म्हणाले, "रडान ऊन पडत नाय. ताट फिरव."

संध्याकाळी डाग फिका झाला होता. बुधवारी सकाळी कोवळ्या उन्हात दोन तास आणखी. म्युझियमच्या बाई आल्या, रजिस्टर उघडलं, फोटो बघितला, घाणा बघितला, पन्हळीत बोट फिरवलं. राखणदाराचा हात कमरेच्या किल्लीवर. बाईंनी खूण केली आणि पुढच्या दगडाकडे वळल्या. माझा श्वास मोकळा होतो न होतो तोच मेस्त्री पुढे! शेजारच्या भिंतीत म्युझियमनंच कधीतरी सिमेंटचं ठिगळ लावलं होतं. त्यावर ठक ठक ठक. "पोकळ! मॅडम, सिमेंट नो! लाइम! लाइम!" मी मनात म्हटलं, मेलो आम्ही. आता ह्या बाई चिडणार, आणि वाचलेली किल्ली जाणार. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग स्वतः वाकून ठोकलं. ऐकलं. पुन्हा ठोकलं. आणि रजिस्टरमध्ये बरंच काही लिहिलं. जाताना राखणदाराला एकच ताकीद दिली: पुन्हा कुठे रंगाचा ठिपका जरी दिसला, तर किल्ली परत घेऊ.

त्या दिवशी गेटचं कुलूप मेस्त्रींनी लावलं. राखणदारानं किल्ली सोडून त्यांच्या हातात दिली होती. मग ताटं घासून, पुसून पेटीत भरली. बस आली तेव्हा पहिला प्रश्न सरांनी विचारला, "ताटं सगळी आहेत ना?"

परत आल्यावर व्हिडिओ फिरायला लागला. 'तुर्कस्तानात शिवमंदिर, अभिषेक करताच प्रकटलं कुंकू.' त्यात तोंडं कुणाची नीट दिसत नाहीत. दिसतात ते माझे हात, हिरव्या बांगड्यांचे. मेस्त्रींनी तो पाहिला आणि ऑफिसात माझ्या टेबलापाशी आले.

"बाय, तुका म्हायत होतां मा, साबणान लाल झाला ता?"

"माहीत होतं."

"मगे सांग सगळ्यांका."

मी म्हटलं, "मेस्त्री, जाऊ द्या. चार दिवसांत विसरतील. ह्यांची नोकरी सरांच्या हातात आहे. कशाला वाद?"

 त्यांनी मधलं बोट वाकवलं, माझ्या टेबलावर ठेवलं, पण ठोकलं नाही. "सिमेंट," म्हणाले आणि गेले.

त्यांनी मला म्हटलं! जिनं दोन दिवस त्यांच्याबरोबर ताटं फिरवली, तिला! मला इतका राग आला, की महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. तेवढ्यात वयाचं कारण दाखवून कंपनीनं त्यांचा व्हिसा कॅन्सल केला. निरोप समारंभ नाही, केक नाही, एक ईमेल. तोही मीच टाइप केला. जाताना त्यांनी आपले चुन्याचे डबे माझ्या खुर्चीखाली ठेवले होते. चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती.

गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात सरांचं भाषण झालं. स्लाइड्ससकट. पडद्यावर घाणा, त्यावर लाल डाग, त्याच्या बाजूला माझे हात. हॉल भरलेला. सर म्हणाले, ह्या ईदला चाळीस जणांची यात्रा काढतोय, खास अभिषेकासाठी. प्रत्येकाला अभिषेक किट मिळेल. किटमध्ये हळदीचं पाकीट. नावनोंदणी दाराशी. टाळ्या. पाऊण तासात चाळीस नावं पुरी झाल्याचं माइकवरून सांगितलंसुद्धा.

चाळीस पाकिटं. माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही नाही, फक्त कमरेला दोरीनं बांधलेली ती किल्ली आली. आम्ही एका पाकिटात ती जवळजवळ घालवली होती.

मी उठले.  "सर, ती हळद माझी आहे. ते हात माझे आहेत. ती पिंडी नाही, तेलाचा घाणा आहे. कुंकू उमटलं नाही, साबण लागला म्हणून हळद लाल झाली. इथल्या सगळ्या बायकांना हे माहीत आहे. आणि आपण परत गेलो तर तिथल्या माणसाची नोकरी जाणार आहे."

 त्या टूरवरच्या आठ बायका पहिल्या दोन रांगांत बसल्या होत्या. एकीनंही मान वर केली नाही. सर हसून म्हणाले, "मॅडमची तब्येत ठीक दिसत नाही. कुणीतरी पाणी द्या." नवऱ्यानं मला दंडाला धरून बाहेर नेलं. रात्री मला मंडळाच्या ग्रुपमधून काढलं. ऑफिसात सर आता नवऱ्याच्या गुड मॉर्निंगला उत्तर देत नाहीत, आणि नवरा माझ्या.

दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रींना गावी फोन लावला. इतक्या दिवसांनी. मला वाटलं, ह्या माणसाकडून तरी शाबासकी मिळेल. सगळं सांगितलं.  त्यांनी विचारलं, "किती जणांनी नावां काढली?"

"सात," मी म्हटलं. सेक्रेटरीबाईंनीच मला तसा रागाचा मेसेज टाकला होता, मॅडम, तुमच्यामुळे सात कॅन्सलेशन्स.

"म्हणजे तेतीस रवले," मेस्त्री म्हणाले. "परत उठ."

आणि फोन ठेवला.

मंडळाचा हॉल आता मला मिळायचा नाही. म्हणून इथे, ह्या कागदावर, उठले आहे. तेहेतीस जणांनो, तो तेलाचा घाणा आहे. हळद मी लावली होती. लाल ती साबणानं झाली.